विरजणाचा आठवडा

पौषातल्या थंडीत घरातली सर्वांत बेभरवशाची वस्तू कोणती, असे कोणी विचारले तर मी विरजणाचे नाव घेईन. एरवी रात्री कोमट दुधात चमचाभर दही ढवळून ठेवले की सकाळी कवडीदार दही तयार असते. गेल्या आठवड्यात मात्र सलग तीन दिवस झाकण काढून पाहावे तर आत दूधच, तेही किंचित आंबूस, म्हणजे ना चहाच्या कामाचे ना ताकाच्या.

आम्ही नाशिकचे, त्यामुळे थंडीच्या दिवसांत सकाळच्या वर्तमानपत्रात आधी निफाडचा पारा पाहण्याची घरात रीत आहे. तिथल्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा ५-६ अंशांवर उतरला की आमचे हे तो असा ठणकावून वाचतात, की जणू घरातलेच कोणी पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले आहे. उत्तरेकडचे कोरडे वारे आणि निरभ्र आकाश यांमुळे जमिनीची ऊब रात्रभर निघून जाते, हेही ते दरवर्षी नव्याने समजावतात. विरजणातल्या जिवाणूंना ४० अंशांच्या आसपासची ऊब मानवते आणि माझा ओटा पहाटे बर्फाच्या लादीसारखा असतो, एवढाच बोध मी त्यातून घेतला.

आठवड्याचे बेत तसे बरेच होते. गोधड्यांना ऊन दाखवायचे होते, डिंकाचे लाडू करायचे होते आणि रोज पहाटे फिरायला जायचे होते. शेवटच्या बेताविषयी कोणी पुन्हा अवाक्षरही काढले नाही. गोधड्या गच्चीवर गेल्या खऱ्या, पण त्यांच्याच शेजारी डिंकाचे ताट आणि गोठलेल्या खोबरेल तेलाची बाटलीही ठेवावी लागली, कारण हे तेल २४ अंशांच्या खाली गेले की बाटलीतून हलायला तयार नसते. डिंकाला ऊन देण्यात कसूर केली तर तो तुपात नीट फुलत नाही, वरून पांढरा दिसतो आणि आत कच्चा राहून दाताला चिकटतो. उन्हात चांगला कडक झालेला डिंक मात्र बेताच्या आचेवर चिमूटचिमूट टाकला की लाहीसारखा उमलतो आणि वाटीच्या बुडाने दाबताच त्याचा भुगा होतो. तो आवाज ऐकायला सासूबाई मुद्दाम खुर्ची ओढून ओट्याजवळ बसतात.

दह्याचा उपायही त्यांनीच काढला. दूध नेहमीपेक्षा जरा जास्त गरम ठेवून त्यात विरजण थोडे अधिक घालावे, देठासकट एक हिरवी मिरची सोडावी आणि घट्ट झाकणाचा डबा बाजरीच्या पिठात गळ्यापर्यंत पुरावा, असा त्यांचा हुकूम झाला. मी तो दुपारीच अमलात आणला आणि तिथेच चुकले, कारण संध्याकाळी भरीत तयार होते, ठेचा तयार होता, पण भाकरीचे पीठ दह्याच्या ताब्यात होते. डबा हलवायचा नाही, अशी सक्त ताकीद असल्यामुळे भरताबरोबर त्या रात्री खिचडी खावी लागली, जी कोणालाच आवडली नाही.

जेवताना निफाडच्या धाकट्या दिरांचा फोन आला. ते रविवारी येणार होते, पण द्राक्षबागेत पहाटे शेकोट्या करून धूर धरावा लागतो आणि ठिबकने पाणी सोडावे लागते, म्हणून येणे रद्द झाले. पाणी उतरू लागलेल्या, म्हणजे पिकायला लागलेल्या घडांचे मणी अशा थंडीत तडकतात. मी दह्याचे रडगाणे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "वहिनी, तुमचं बरं आहे, तुमचा डबा तरी पिठात पुरता येतो. मी बाग कशात पुरू?" त्यावर मला काही बोलता आले नाही.

सकाळी पिठातून डबा काढला, बाहेरून फडक्याने पुसला आणि जरासा तिरका करून पाहिला. दही जागचे हलले नाही. मी चमचा घेऊन सरसावले, तोच सासूबाईंनी माझा हात धरला, मिरची बाजूला काढली, दोन चमचे दही छोट्या वाटीत घेतले आणि ती वाटी झाकून फडताळात ठेवली. मग त्या म्हणाल्या, "आता घे. आणि आज भाकऱ्या झाल्याशिवाय पिठात डबा पुरू नकोस."