0.1 मिमी पत्र्याचा प्लेट रिव्हर्ब : आठवडा नववा

काल रात्री सव्वाबाराला पत्रा पहिल्यांदा बोलला. रेकॉर्ड केलेली एकच टाळी आत सोडली आणि हेडफोनमध्ये जवळपास तीन सेकंद तिची शेपटी, म्हणजे मागे रेंगाळणारा घुमारा, ऐकू येत राहिली. आठ आठवडे नुसता खणखणाट ऐकला होता. तीच टाळी मग वीसेक वेळा तरी ऐकली असेन.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी मूळ कल्पना सांगतो. प्लेट रिव्हर्ब म्हणजे ताणलेल्या पत्र्यात आवाज सोडायचा आणि पत्र्याच्या थरथरीतून त्याचा घुमारा उचलायचा. 1957 साली आलेल्या ईएमटी 140 या स्टुडिओतल्या प्लेट रिव्हर्बमध्ये साधारण दोन मीटर बाय एक मीटरचा, अर्धा मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा ताणून बसवलेला असतो. एवढा डोलारा ठेवायला माझ्याकडे जागा नाही. पण पत्र्यात अनुनाद किती दाटीने बसतात हे नुसत्या आकारावर ठरत नाही, क्षेत्रफळ भागिले जाडी यावर ठरतं. म्हणजे क्षेत्रफळ एक पंचमांश केलं आणि जाडीही एक पंचमांश केली, तर दाटी तीच राहायला हवी. 0.4 चौरस मीटर, 0.1 मिमी. एवढी चौकट कपाटामागे मावते. ईएमटी कंपनीनेच पुढे 240 या मॉडेलमध्ये सोन्याचा अगदी पातळ पत्रा वापरून प्लेट लहान केली होती, त्यामुळे ही वाट कुठेतरी पोचते याची मला खात्री होती.

गणित जमलं तरी पत्रा सहज जमला नाही. ताण दिला की कोपऱ्यातल्या भोकापासून टर्रकन फाटायचा. दोन पत्रे असे गेले. आता प्रत्येक कोपरा दोन जाड पट्ट्यांमध्ये इपॉक्सीने चिकटवून मगच भोक पाडतो. स्प्रिंग त्या पट्टीला ओढते, पत्र्याला नाही.

खरी अडचण वजनाची होती. माझा एक्सायटर (पत्र्याला थरथरवून त्यात आवाज सोडणारा भाग) 60 ग्रॅमचा आणि अख्खा पत्रा जेमतेम 315 ग्रॅमचा! त्या ओझ्याखाली वरचे स्वर मरायचे, उरायचा तो डब्यासारखा आवाज. तीन आठवडे मी ताण कमीजास्त करत बसलो आणि दोष भलतीकडेच होता. शेवटी एका निकामी छोट्या स्पीकरची कॉइल सोडवली, फक्त कॉइल पत्र्यावर चिकटवली आणि चुंबक चौकटीच्या आडव्या दांडीवर बसवला. चुंबकाची फट इतकी अरुंद की कॉइल जराशी तिरकी झाली तरी घासते. म्हणून चिकटवताना फटीत कागदाच्या चार पट्ट्या सरकवल्या, रात्रभर तसंच ठेवलं आणि सकाळी कामाला निघण्याआधी एकेक पट्टी अलगद ओढून काढली. चौथी निघाली तेव्हा बोटाने पत्रा दाबून पाहिला. जराही खरखर नाही.

पिकअपला, म्हणजे पत्र्याची थरथर उचलायला, पिझो डिस्क आहे; ती थरथरीचं विद्युत सिग्नलमध्ये रूपांतर करते. ती थेट ऑडिओ इंटरफेसच्या (कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करायच्या डब्याच्या) लाइन इनपुटला जोडू नका. माझी डिस्क मीटरवर 15 नॅनोफॅरड दाखवते, आणि 10 किलोओहमच्या इनपुटवर तेवढ्याने जवळपास 1 किलोहर्ट्झच्या खालचं सगळं उतरत जातं. म्हणून मधे बफर हवा, म्हणजे डिस्कवर भार न टाकता सिग्नल पुढे देणारं छोटं सर्किट. आधी तो जेएफईटी या प्रकारच्या ट्रान्झिस्टरचा करणार होतो, पण जुन्या सर्किटांमधले थ्रू-होल जेएफईटी सहजी मिळेनात. टीएल072 या ऑप-अँप चिपवर 1 मेगाओहम लावून काम झालं, कट-ऑफ (ज्याच्या खाली आवाज उतरत जातो ती सीमा) 10 हर्ट्झच्या आसपास गेला. हम (विजेची गुणगुण) घालवण्यासाठी पत्रा ग्राउंडला जोडला आणि डिस्कची पितळी बाजू पत्र्याकडे ठेवली. फरक पहिल्याच क्षणी कळतो.

वेळेचं म्हणाल तर रोज एक तास मिळतो, तोही घरात निजानीज झाल्यावर. ही प्लेट स्वतःच एक मोठा मायक्रोफोन असल्यामुळे पावलं, पंखा, दाराची कडी सगळं टिपते. त्यामुळे मोजमापं रात्रीच घ्यावी लागतात आणि ठोकठोक मात्र रविवारी दुपारी. एका स्क्रूची चूक दुरुस्त व्हायला आठवडा जातो तो असा.

राहिलेली उणीव: 5 किलोहर्ट्झच्या आसपासची शेपटी सेकंदभरही टिकत नाही. पातळ पत्र्याला हवेचाच दाब जास्त जाणवतो, असं मला वाटतं. मागची प्लायची फळी फक्त 4 सेंटीमीटरवर आहे. येत्या रविवारी ती पूर्ण काढून तीच टाळी पुन्हा सोडणार आहे. दोन्ही रेकॉर्डिंग एकाच लेव्हलला ठेवेन, म्हणजे तुम्हालाही कानाने ताडून पाहता येईल. इतक्या पातळ पत्र्यावर कुणी काम केलं असेल तर फळीचं अंतर किती ठेवलंत ते सांगा, चौकटीची भोकं पाडण्याआधी मला ते हवं आहे.