जुन्या सेस्नात टॅब्लेट चार्ज करायचा तर

मोरवा, बिरसी, बेलोरा, शिवणी. विदर्भातल्या कुठल्याही धावपट्टीवरून सेस्नासारखं जुनं दोन-चार आसनी विमान घेऊन निघा, सोबत टॅब्लेट, फोन, कॅमेरा हा लवाजमा असतोच. विमान मात्र कॉकपिटमध्ये सिगारेट ओढायच्या जमान्यातलं. पॅनेलवरचं ते गोल सॉकेट लायटरची कॉइल काही सेकंद तापवण्यासाठी होतं. दोन-दोन तास सलग करंट देणं हे त्याचं काम कधीच नव्हतं.

चार्जर घ्यायच्या आधी व्होल्टेज बघा. सेस्ना 150 ची सिस्टिम 14 व्होल्टची, 152 ची 28 ची. सेस्ना 172 मध्ये 1978 च्या मॉडेलपासून 28 आलं, त्याआधीची 14 वर चालतात. त्यामुळे शेजारी उभ्या दोन 172 मध्येही फरक निघू शकतो. हँडबुकातलं इलेक्ट्रिकल सिस्टिमचं पान वाचा आणि वर मल्टीमीटर लावून खात्री करा: मास्टर स्विच ऑन, इंजिन बंद, एक प्रोब सॉकेटच्या तळाच्या मधल्या संपर्कावर (हा पॉझिटिव्ह), दुसरा कडेच्या धातूवर. इंजिन बंद असताना आकडा नुसत्या बॅटरीचा येतो: 12 च्या जवळपास आला तर 14 ची सिस्टिम, 24 च्या जवळपास आला तर 28 ची. प्रोब घसरून दोन्हीकडे एकदम टेकला की शॉर्ट झालाच म्हणून समजा.

सीताबर्डीच्या फुटपाथवर शे-दीडशेला मिळणारा कारचा चार्जर 28 व्होल्टवर का जळतो? आत इनपुटला बसवलेला कपॅसिटर बऱ्याचदा 16 किंवा 25 व्होल्टचा असतो. तो फुगून फुटला तर नुकसान चार्जरपुरतं. पण आतला स्विचिंग ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला तर 5 व्होल्टच्या जागी अख्खे 28 यूएसबीतून टॅब्लेटमध्ये जातात, आणि स्वस्त चार्जरात त्यांना अडवणारं काहीच नसतं. पाकिटावर ‘12–24 व्होल्ट’ लिहिलंय तेवढ्यावर जाऊ नका. ट्रकची 24 ची सिस्टिमही चालू इंजिनवर 28 च्या घरात जाते हे खरं, पण कागदावरच्या आकड्याला आत तसा माल असेलच असं नाही. इनपुट 10 ते 32 व्होल्ट असं स्पष्ट दिलेलं हवं. विमानासाठीच बनवलेले, टीएसओ-सी71 (विमानातल्या पॉवर कन्व्हर्टरचं अमेरिकी मानक) मान्यतेचे यूएसबी युनिट मिळतात. महाग आहेत, पण 28 च्या विमानात मी तरी दुसरं काही सुचवणार नाही.

व्होल्टेज जुळलं तरी रेडिओचा प्रश्न उरतोच. चार्जरच्या स्विचिंगचा कचरा 118 ते 137 मेगाहर्ट्झच्या, म्हणजे विमानाच्या रेडिओच्याच, पट्ट्यात शिरतो. कधी खरखर येते, कधी स्क्वेल्च (संदेश नसताना रेडिओची खरखर दाबून ठेवणारी सोय) आपोआप उघडतो. मग पायलट वैतागून स्क्वेल्च वाढवतो आणि लांबून येणारा नागपूरच्या हवाई नियंत्रकाचा क्षीण आवाज त्यातच गडप होतो. शेवटी कानात फक्त शांतता उरते आणि पायलटला वाटतं, सगळं ठीक आहे.

तपासणी जमिनीवर करा, इंजिन आणि रेडिओ चालू ठेवून. स्क्वेल्च पूर्ण उघडा. नेहमीच्या फ्रिक्वेन्सी आणि आणीबाणीची 121.5 एकेक करून लावा, प्रत्येक ठिकाणी प्लग काढून-घालून कान द्या. जीपीएसचे सॅटेलाइट कमी होतात का तेही बघा, आणि व्हीओआर (जमिनीवरच्या रेडिओ केंद्रावरून दिशा दाखवणारं यंत्र) असेल तर त्याची सुई. यात एक मेख आहे: टॅब्लेट 100 टक्के भरलेला असेल तर चार्जर जवळजवळ रिकामाच बसतो आणि आवाज येत नाही. टॅब्लेट 30-40 टक्क्यांवर आणून मगच तपासा. थोडीच खरखर असेल तर फेराइटचा क्लिप-ऑन मणी चार्जरच्या अगदी जवळ लावून केबलचे दोन-तीन वेढे त्यातून काढा. मणी 43 नंबरच्या मटेरियलचा घ्या, व्हीएचएफला तो चालतो. जास्त खरखर असेल तर चार्जर बदला.

फोन ऑडिओ केबलने इंटरकॉमला जोडलाय आणि चार्जही विमानातूनच होतोय, तर हेडसेटमध्ये अल्टरनेटरची (इंजिनवर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राची) शिट्टी येणार. इंजिनचा आरपीएम वाढला की तिची पट्टीही चढते. हा ग्राउंड लूप, म्हणजे दोन केबलींच्या ग्राउंडमधून फिरणारा करंट. चार्जिंगची केबल काढा किंवा ऑडिओ ब्लूटूथवर घ्या, शिट्टी जाते.

टॅब्लेट कंपासजवळ लावत असाल तर त्याच्या कव्हरातले चुंबक आणि केबलमधला करंट दोन्ही कंपास हलवतात. चार्जिंग सुरू-बंद करून कंपासकडे एकदा बघून घ्या.

आता सॉकेट. आतली पत्ती सैल झालेली, त्यात इंजिनची थरथर. 5 अँपिअर करंट आणि सैल जोडात 0.2 ओहम रोध, म्हणजे 5 वॅट उष्णता त्या एवढ्याशा जागेत. प्लग हाताला चटका देतो तो यामुळे. सेस्नात लायटरच्या मागच्या बाजूला हाताने रिसेट करायचा छोटा ब्रेकर असतो. ‘सॉकेट मेलंय’ अशी तक्रार असेल तर आधी तो बघा. याच लायटरच्या वायरी घासून पॅनेलमागे शॉर्ट होत, म्हणून अमेरिकेच्या एफएए या विमान नियामकाने 1979 मध्ये सेस्नासाठी एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह (सुरक्षेसाठी सक्तीचा दुरुस्ती आदेश) काढला होता. तुमच्या विमानाच्या लॉगबुकात त्याची नोंद आहे का, हे एएमईला (परवानाधारक विमान देखभाल अभियंत्याला) विचारा.

पॅनेलमध्ये कायमचा यूएसबी पोर्ट हवा असेल तर ते काम गावच्या ऑटो इलेक्ट्रिशियनचं नाही. व्हीटी, म्हणजे भारतीय, नोंदणीच्या विमानाला डीजीसीए या आपल्या विमान नियामकाच्या नियमांत बसणारं मंजूर मॉडिफिकेशन, एएमईची सही आणि लॉगबुकात नोंद लागते. 20 गेजच्या वायरीला 5 अँपिअरचा ब्रेकर पुरतो. वायर मात्र टेफ्झेल या उष्णता सोसणाऱ्या आवरणाची. मोटारीतली पीव्हीसी जळाली की बंद केबिनमध्ये विषारी धूर होतो.

एवढं सगळं सांगूनही माझं मत असं की तास-दीड तासाच्या उड्डाणाला सॉकेट हवंच कशाला? 10,000 एमएएचची पॉवर बँक म्हणजे 3.7 व्होल्टने 37 वॅट-अवर. रूपांतरातली घट जाऊन 25 तरी हाती येतात. टॅब्लेट 8 वॅट खात असेल तर तीन तास सहज निघतात, आणि विमानाच्या वायरीला हातही लागत नाही.

अडचण आपल्या उन्हाची. लिथियम बॅटरी साधारण 45 अंशांपर्यंतच चार्ज करावी. मे महिन्यात चंद्रपूरला सावलीतच तेवढा पारा असतो, नवतपात तर विचारूच नका, आणि काचेखाली उभ्या विमानात त्याहून कितीतरी जास्त. आयपॅडसाठी ॲपलने सांगितलेली वापराची मर्यादा तर 35 अंश आहे. चार्जिंगची स्वतःची उष्णता त्यात मिळाली की ऐन उड्डाणात स्क्रीनवर तापमानाचा इशारा येतो आणि नकाशा जातो. म्हणून टॅब्लेट रात्रीच पूर्ण भरा, जाड कव्हर काढा, ग्लेअरशील्डवर (पॅनेलच्या वर, काचेखालच्या पट्ट्यावर) ठेवू नका, व्हेंटच्या वाऱ्यात लावा. पॉवर बँक विमानात सोडून घरी जाऊ नका, फुगलेली वापरू नका, आणि ती मागच्या सामानात न टाकता हाताशी ठेवा.

सॉकेटच वापरणार असाल तर इंजिन सुरू झाल्यावर, अल्टरनेटर चार्ज दाखवू लागला की प्लग लावा. स्टार्टरच्या वेळी व्होल्टेज खाली-वर होतं. अल्टरनेटर गेलाच तर बॅटरी वाचवायला लोडशेडिंग आलं, आणि ते आपल्याला कुणी शिकवायला नको: पहिला कट चार्जरचा, मग लँडिंग लाइटचा. 14 च्या विमानात 100 वॅटचा तो दिवा एकटाच 7 अँपिअरहून जास्त ओढतो.