पाणी दुपारी बिघडतं

खडी क्रशरच्या खाणीपासून साडेतीनशे-चारशे पावलांवर ती विहीर आहे. वर्षभरात मी तिथलं पाणी तीनदा तपासायला नेलं आणि तिन्ही वेळा अहवाल चांगला आला. गढूळपणा 1 एनटीयूच्या (गढूळपणा मोजायचं एकक) आत. तरी वाडीची तक्रार थांबेना. मार्चमध्ये चौथ्यांदा गेलो.

नेहमीसारखा साडेनऊला पोहोचलो. पोहरा सोडला, बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळून भरली, चिठ्ठी डकवली, बर्फाच्या पेटीत ठेवली. शेजारी एक आजी धुणं धूत होत्या. म्हणाल्या, "साहेब, तुम्ही दरवेळी सकाळचंच पाणी नेता. आमचं पाणी बार उडाल्यावर बिघडतंय."

हे आधी मला कुणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं, याचं आजही वाईट वाटतं. बाटली सहकाऱ्याबरोबर प्रयोगशाळेत पाठवली आणि गढूळपणा मोजायचं हातातलं मीटर घेऊन मी तिथंच थांबलो.

दीडच्या सुमारास भोंगा वाजला. आजी मला वाडीतल्या देवळामागं घेऊन गेल्या. बार उडाला तशी तळपायाला जमीन हलल्याची जाणीव झाली, देवळातली घंटा कुणी हात न लावता किणकिणली. धोका टळल्याचा भोंगा झाल्यावर विहिरीवर गेलो. पहिला पोहरा स्वच्छ दिसला, मीटरवर 3. अर्ध्या तासानं 11. तीन वाजता पांढऱ्या पातेल्यात ओतलेलं पाणी सरळ तांबूस दिसत होतं आणि मीटर 23 दाखवत होतं. पिण्याच्या पाण्यासाठी मर्यादा 1, दुसरा स्रोतच नसेल तर फार तर 5.

आपल्याकडचा काळा खडक सलग नसतो. त्यात बारीक भेगा असतात, भेगांत मुरमाची माती बसलेली असते आणि विहिरीचे झरे त्याच भेगांतून येतात. हादऱ्यानं ती माती सुटते, झऱ्याबरोबर विहिरीत उतरते आणि रात्रभरात तळाला बसते. सकाळी साडेनऊला मला निवळलेलं पाणी मिळत होतं.

खाणीच्या डबक्यातलं पाणीही तपासलं. नायट्रेट लिटरला 61 मिलिग्रॅम; मर्यादा 45. सुरुंगाच्या दारूत अमोनियम नायट्रेट असतं, न जळलेलं पाण्यात विरघळतं. विहिरीत मात्र 39 होतं, आणि शेजारी गोठा, पलीकडे खत घातलेला कांदा. ते 39 खाणीच्या माथी मारणं मला पटलं नाही. अहवालात तसंच लिहिलं. गढूळपणाबद्दल मात्र बार उडाल्याच्या वेळेसकट प्रत्येक आकडा दिला, आणि यापुढे इथले नमुने दिवसातून दोनदा, बार उडायच्या आधी आणि नंतर घ्यावेत असं सुचवलं.

निघताना आजींना म्हटलं, निर्णय होईपर्यंत प्यायचं पाणी सकाळी, बार उडायच्या आधीच भरून ठेवत चला.

त्या हंडा उचलत म्हणाल्या, "तीन वर्षं तेच करतोय, बाबा."