विहीर-बोर्डची नोंद: ४जी मॉड्यूल बसलं, आता घोडं अडलंय सिमपाशी

राम राम मंडळी. विहिरीवरच्या बोर्डाचं काम बरंच पुढं सरकलंय म्हणून ही नोंद. नवीन मंडळींसाठी थोडक्यात सांगतो, परभणी जिल्ह्यात सेलूकडं आमचं शेत, विहीर पन्नास-साठ फूट, साडेसातची मोटर, घर गावात अन् विहीर लांब, आणि थ्री फेज कधी दिवसाची कधी रात्रीची. बोर्डानं, म्हणजे मी स्वतः जोडलेल्या सर्किटनं, तीन गोष्टी कळवायच्या, थ्री फेज आली का, विहिरीत पाणी किती, मोटर चालू का बंद, आणि घरून सांगितलं की मोटर चालू-बंद करायची. बास, येवढंच.

आता कुणी म्हणंल की मोबाईल स्टार्टर तर बाजारात कधीचा मिळतो, मिस कॉल मारला की मोटर चालू. मिळतो की. पुण्याच्या संतोष ओस्तवालांच्या नॅनो गणेशला तर २००९ सालीच नोकियाच्या स्पर्धेत बक्षीस मिळालं होतं, म्हणजे सिमवरून यंत्र चालवायची कल्पना आपल्या शेतकऱ्याला नवी नाही, उलट शहरवाल्यांच्या आधी आपल्याकडं आली म्हणायला हरकत नाही. पण मला पाण्याची पातळी पाहिजे, नोंद राहिली पाहिजे, आणि खरं सांगायचं तर हाताला चाळा पाहिजे.

जुना बोर्ड सिम८००एल वर होता, म्हणजे सिम घालून नेटवर्कला जोडणारा तयार भाग, मॉड्यूल म्हणतात त्याला. ते २जी मॉड्यूल स्वस्त, माहिती ढिगानं, पण सिग्नल पाठवताना दोन अँपिअरपर्यंत झटका ओढतं आणि पॉवर सप्लाय जरा कच्चा असला की रिसेट. त्यात ते जिओवर चालतच नाही कारण जिओकडं २जी पहिल्यापासूनच नाही, २०१६ ला सुरू झालं तेच निव्वळ ४जी. आमच्या शिवारात २जी आहे पण कधी आहे अन् कधी नाही असं, त्यामुळं बदलायचं ठरवलं.

आता ए७६७०सी टाकलंय, एलटीई कॅट-१, म्हणजे ४जीतलाच कमी वेगाचा प्रकार. १० एमबीपीएस खाली, ५ वर, आपल्याला लागतात चार बाईट, पण मुद्दा वेगाचा नाही. एकच अँटेना लागतो, आणि भारतात चालणारे ३, ५, ८, ४० हे बँड (नेटवर्कचे फ्रिक्वेन्सीचे पट्टे) त्यात आहेत. ध्यानात ठेवा, याची यूएआर्ट (चिपशी बोलायच्या तारा) १.८ व्होल्टची असते, लेव्हल शिफ्टर (व्होल्टेज जुळवून देणारा भाग) असलेला बोर्डच घ्या, थेट ईएसपी३२ च्या, म्हणजे सगळं चालवणाऱ्या मुख्य चिपच्या, ३.३ ला जोडाल तर गेलं. सप्लाय ३.४ ते ४.२ व्होल्ट, मॉड्यूलच्या अगदी जवळ १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावलाय, तेव्हापासून एकदाही आपोआप रिसेट नाही.

अँटेनाचं मात्र नीट सांगतो कारण सगळी मजा तिथंच आहे. स्टार्टरची पेटी पत्र्याची, आत अँटेना ठेवला तर सीएसक्यू ९ दाखवायचा. (सीएसक्यू म्हणजे मॉड्यूल सांगतं तो सिग्नलचा आकडा, ० ते ३१ असतो, दुप्पट करून त्यातून ११३ वजा करा की डीबीएम मिळतो, म्हणजे ९ ला -९५.) मोटरच्या खोलीवर पाइप उभा करून अँटेना वर नेला तर १७ आला, म्हणजे -७९. १६ डीबीचा फरक, म्हणजे सिग्नल चाळीस पट. पण केबल मोजून घ्या. ती बारीक काळी आरजी१७४ बरेच जण दहा-दहा मीटर ओढतात, आणि २३०० मेगाहर्ट्झला त्यात १५ डीबीच्या वर खर्ची पडतात, वर नेऊन जे कमावलं ते तारेत गेलं. मी पूर्ण बोर्डच वरच्या प्लॅस्टिकच्या डबीत नेला, केबल हातभर, आणि खाली फक्त सेन्सरच्या अन् रिलेच्या वायरी. दुसरी गोष्ट, बँड ५ ला, म्हणजे ८५० मेगाहर्ट्झला लॉक करून बघा. तो लांब जातो, आमच्याकडं बँड ४० मॉड्यूलला दिसायचा तर खरा पण उसाचं पीक वाढलं की डळमळायचा.

पाण्याच्या पातळीला अल्ट्रासॉनिक नको, विहिरीत भिंतीवरून, पायऱ्यांवरून, पाइपावरून आवाज परत येतो आणि रेंजही पाच-सहा मीटरच्या पुढं नाही. ४ ते २० मिलिअँपिअरचा बुडवायचा प्रेशर सेन्सर घेतलाय, दहा मीटरचा, म्हणजे मीटरमागं १.६ मिलिअँपिअर. १५० ओहमचा रेझिस्टर, त्यावर ०.६ ते ३ व्होल्ट, आणि ते व्होल्ट वाचायला एडीएस१११५ ही वेगळी चिप, कारण ईएसपी३२ चा स्वतःचा एडीसी (व्होल्टचा आकडा करणारा भाग) टोकांना भरवशाचा नाही. फेजसाठी तिन्हीवर वेगवेगळे ऑप्टोकपलर आहेत, ते वीज आहे का ते उजेडानं कळवतात, तार थेट जोडावी लागत नाही. आपल्याकडं कधी कधी नुसती सिंगल फेज असते आणि एक फेज बघून 'लाईट आली' म्हणणारा बोर्ड मोटर जाळतो. तिथं ४१५ व्होल्ट आहेत, ज्याला सवय नाही त्यानं वायरमन बोलवा, इथं हुशारी नको.

आणि एक पक्कं ठरवलंय, पाणी संपलं की मोटर बंद करायचा निर्णय बोर्डातच होतो, नेटवर अवलंबून नाही. नेट फक्त सांगायला अन् सांगितलेलं ऐकायला.

अण्णांची मागणी वेगळीच. "मला ते ॲपबिप नको, लाईट आली की फोन वाजला पाह्यजे." माझ्या मॉड्यूलच्या प्रकारात आवाजाची सोय नाही, निव्वळ डेटा, म्हणून टेलिग्रामचा बॉट (आपोआप मेसेज पाठवणारं खातं) केला आणि त्याला रिंगटोन अशी लावली की शेजारचे मामा पण उठतेत. आता रात्री दीडला लाईट आली की अख्ख्या गल्लीला कळतंय.

आता सिमचं. यावर थोडं सविस्तर लिहितो कारण ग्रुपवर सगळे मॉड्यूलबद्दलच बोलतात.

सेलूच्या बसस्टँडवर उभं राहून नुसतं बघा किती वस्तूंत सिम आहे. चहाच्या टपरीवर पैसे आल्याचं ओरडणारा साउंडबॉक्स, त्यात सिम. एआयएस-१४० या गाड्यांच्या नियमानं १ जानेवारी २०१९ पासून प्रवासी वाहतुकीच्या नव्या गाड्यांना (रिक्षा सोडून) ट्रॅकर अन् धोक्याचं बटन सक्तीचं झालं, त्यात सिम. घराघरात बसायलेत ते स्मार्ट मीटर, देशभरात २५ कोटींचं उद्दिष्ट आहे, त्यातल्या बऱ्याच मीटरांत सिम. कुसुम योजनेतला सोलर पंप घेतला असंल तर कंट्रोलरच्या बाजूला छोटा अँटेना दिसंल, ती दूरून देखरेखीची पेटी, आरएमएस म्हणतात, त्यात पण सिम, तुमचा पंप किती चालला ते कुठंतरी सर्व्हरवर दिसतंय. ही सगळी लाखा-कोटीतली खरेदी, आणि तिच्यामुळंच कॅट-१ चं मॉड्यूल आपल्यासारख्या एकट्या-दुकट्याच्या खिशात बसायला लागलंय. कॅट-१ तसं नवं नाही, २००८ च्या आसपासच्या एलटीईच्या पहिल्या आवृत्तीतलं, पण तेव्हा विचारतं कोण.

पण मॉड्यूल जसं झिरपत खाली आलं तसं सिम आलं नाही.

यंत्रांसाठी वेगळं सिम असतं, एमटूएम. दूरसंचार विभागानं २०१८ मध्ये त्याला १३ आकडी नंबर ठरवून दिला, आणि बंधनं पण घातली, ठरलेल्याच नंबरला फोन अन् मेसेज, डेटा ठरलेल्याच पत्त्यांवर. बंधनं मला पटतात, हजारो सिमं उघड्यावर यंत्रांत पडून असतात, कुणीही काढून वापरील. २०२२ पासून अशी सेवा विकणाऱ्याला विभागाकडं नोंदणी करावी लागते. हेही ठीक. पण ही सिमं कंपन्यांच्या नावावर, घाऊक, असंच सगळं गणित. मी एका ठिकाणी विचारलं तर समोरच्यानं पहिलं विचारलं किती हजार पाहिजेत, एक म्हणलं तर फोन ठेवला. एनबी-आयओटीची, म्हणजे यंत्रांसाठीच्या कमी विजेवर चालणाऱ्या नेटची, तीच गत, कागदावर आपल्या कामाला फार छान, बॅटरी वर्षानुवर्षं, पण एक सिम देणारा मला अजून भेटला नाही.

मग राहतं आपलं नेहमीचं सिम. २०२४ च्या जुलैतल्या दरवाढीनंतर जिओचा २८ दिवसांचा तळाचा प्लॅन १८९ रुपये झाला, एअरटेलचा १९९, दोन्हीत २ जीबी अन् अमर्याद बोलणं. वर्षात २८ दिवस तेरा वेळा येतात, १८९ नं धरलं तर २४५७ रुपये, मी मॉड्यूलला दिले त्यापेक्षा जास्त. आणि माझा बोर्ड खातो किती? एमक्यूटीटी (यंत्रांच्या छोट्या निरोपांची पद्धत) जोडणी टीएलएसवर, म्हणजे कुलूपबंद, उघडी ठेवलीय, दर ४ मिनिटाला पिंग, म्हणजे 'मी आहे' एवढा निरोप, जाऊन-येऊन धरा १८५ बाईट, दिवसाला ६७ केबी. दर दहा मिनिटाला एक नोंद, सगळं ओझं धरून ३०० बाईट, ती ४३ केबी. महिन्याला ४ एमबीच्या आत. २ जीबीतलं बाकीचं सगळं वाया, बोलणं तर बोर्ड करतच नाही, मुंगीला हत्तीचा खुराक घालायचा आणि बिल पण हत्तीचंच भरायचं. हे प्लॅन बोलणाऱ्या माणसासाठी बनलेत, त्यात यंत्राचा विचार कुठून येणार.

कुणी एचटीटीपीएसनं (वेबसाइट उघडायची पद्धत) पाठवत असाल तर बघा, प्रत्येक वेळी जोडणीची नव्यानं ओळख-पाळख, ५-६ केबी त्यातच, दर पाच मिनिटाला पाठवलं तर महिन्याला पन्नास एमबी. चालतंय, पण स्वस्त सिम मिळालं त्या दिवशी महागात जाईल.

पिंग ४ मिनिटाला का, तर मोबाईल नेटवर आपल्या बोर्डाला स्वतःचा आयपी पत्ता मिळत नाही, शेकडो लोक एका पत्त्यामागं असतात, त्यामुळं बाहेरून बोर्डाला हाक मारता येत नाही, बोर्डानंच आतून जोडणी धरून ठेवायची, आणि फार वेळ गप्प राहिलं की नेटवर्क ती जोडणी मोडून टाकतं. आमच्याकडं दहा मिनिटाला मोडायची, पाचला कधी कधी, चारला नाही.

सिमचा खर्च गिऱ्हाईकाला दिसू न देणं ही आयडिया जुनी आहे बरं का. ॲमेझॉननं २००७ ला पहिलं किंडल काढलं त्यात मोबाईलचं नेट होतं आणि वाचणाऱ्याला महिन्याचं बिल नव्हतं, धंद्यातच धरलेलं. नंतर अमेरिकेत ३जी बंद झालं आणि ज्या जुन्या किंडलांत वायफाय नव्हतं त्यांचं नेट कायमचं गेलं. म्हणून २जी मॉड्यूल अजून चालतंय म्हणून दहा वर्षासाठी बसवणारांनी जरा विचार करा, मोटर जशी रिवाइंड होते तसं नेटवर्क होत नाही.

आता एक गंमत. महावितरण ऑटो स्विच (लाईट आली की मोटर आपोआप चालू करणारा) काढा म्हणून कधीची सांगायलीय, कारण लाईट आली की शिवारातल्या सगळ्या मोटरी एकाच क्षणाला उठतात आणि डीपीचा ट्रान्सफॉर्मर बसतो. आमच्याकडं तेच मला नेटवर्कमध्ये दिसलं. लाईट बराच वेळ गेली की टॉवरची बॅटरी पण उतरते, टॉवर झोपतो, आणि उठला की बोर्ड दर दोन सेकंदाला दार ठोठावायला लागायचा, नेटवर्क नाकारायचं, हा परत ठोठवायचा. आता दोन्हीकडं एकच उपाय केलाय. लाईट आल्यावर मोटर ३० सेकंद ते ५ मिनिटाच्या मध्ये कधीतरी उठते, आकडा बोर्ड स्वतः काढतो, आणि नेटला पहिल्या नकारानंतर थांबायचा वेळ दर वेळी दुप्पट होत अर्ध्या तासापर्यंत जातो. जोडणी आधीपेक्षा लवकर लागते, उशिरा नाही.

पुढचं काम सिम वाचवायचं. भावकीतल्या तीन विहिरींना असाच बोर्ड पाहिजे, पण तीन सिमं अन् तीन रिचार्ज कोण बघणार, एकाचा जरी चुकला तरी फोन मलाच. (एका नावावर नऊ सिमांची मर्यादा आहे हे पण विसरू नका, घरातल्यांचे फोन त्यातच.) म्हणून सिम एकच राहील, माझ्या बोर्डात, आणि बाकीच्या विहिरी लोरावर, म्हणजे सिम न लागणाऱ्या लांब पल्ल्याच्या छोट्या रेडिओवर, त्याच्याशी बोलतील. आपल्याकडं ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ लायसन्सशिवाय वापरता येतो. दुकानात आरए-०२ हा लोराचा भाग पुढं करतेत, तो ४३३ चा आहे, भारतात त्या पट्ट्याला फार कमी ताकदीची अन् घरातल्या घरात वापरायची परवानगी, शेताला काही कामाचा नाही. आरए-०१एच मागवा, मी तोच मागवलाय. रेंज खुल्या रानात मिळंल असं वाटतंय, फक्त निम्न दुधनाच्या कालव्याचा भराव मधी येतो आणि एक विहीर त्याच्या पलीकडं आहे, तिथं खांब किती उंच लागतो ते बघावं लागंल.

कुणाकडं किरकोळीत एमटूएम सिम मिळालं असंल, एक-दोन नगाला, वर्षाचा एकदम रिचार्ज असणारं, तर कुठून अन् कितीला ते खाली लिहा. एपीएन, म्हणजे नेट जोडायला मॉड्यूलमध्ये भरायचं नाव, काय दिलं होतं ते पण.