कॅटॅलिस्ट बदलण्याआधी: माझा अनुभव

माझा बीएस-६ (वाहनांच्या धुरावरील प्रदूषण-मर्यादेचे मानक) ट्रक नागपूरच्या वाडीतून हिंगणा आणि बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतींत माल पोहोचवतो. गेल्या हिवाळ्यात त्याच्या डॅशबोर्डवर उत्सर्जनाचा दिवा लागला, पाठोपाठ इंजिनाची ओढ कमी झाली, आणि वर्कशॉपने स्कॅनर लावून एससीआरचा, म्हणजे धुरातील नायट्रोजन ऑक्साइड कमी करणाऱ्या यंत्रणेचा, संपूर्ण कॅटॅलिस्टच (रासायनिक क्रिया घडवून आणणारा भाग) बदलायला सांगितला. खर्च मोठा होता, म्हणून होकार देण्यापूर्वी ही यंत्रणा मी समजून घेतली.

बीएस-६ मुळे १ एप्रिल २०२० पासून जड डिझेल वाहनांच्या नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा ३.५ वरून ०.४६ ग्रॅम प्रति किलोवॅट-तास इतकी खाली आली. त्यासाठी ३२.५ टक्के युरियाचे द्रावण गरम धुरात फवारले जाते. त्यातून अमोनिया तयार होतो आणि कॉपर झिओलाइट किंवा व्हॅनेडियमच्या थरावर, म्हणजेच कॅटॅलिस्टवर, तो नायट्रोजन ऑक्साइडशी संयोग पावून नायट्रोजन व पाणी उरते. यात कॅटॅलिस्ट स्वतः खर्च होत नाही. गंधक, ऑइलमधील फॉस्फरस किंवा अतिउष्णता यांनी तो निकामी होतो, त्यामुळे तो गेला असे कोणी सांगितले तर कशामुळे गेला, हे विचारायलाच हवे.

मी आधी द्रावण तपासण्याचा आग्रह धरला, कारण ३५ अंशांवर ते जेमतेम सहा महिने टिकते आणि आपला उन्हाळा त्याच्या पलीकडे जातो. रिफ्रॅक्टोमीटरवर (द्रावणाची तीव्रता मोजणारे उपकरण) युरियाचे प्रमाण बरोबर निघाले. कॅटॅलिस्टच्या पुढचा आणि मागचा असे नायट्रोजन ऑक्साइड मोजणारे दोन्ही सेन्सरही ठीक होते. मागचा सेन्सर अमोनियालाही नायट्रोजन ऑक्साइड समजतो, म्हणून त्याच्या एकट्या आकड्यावर निष्कर्ष काढणे धोक्याचे असते. शेवटी द्रावण फवारणारा इंजेक्टर काढून ठरावीक वेळात मोजपात्रात पडणारे द्रावण मोजले, तेव्हा ते अपेक्षेपेक्षा बरेच कमी भरले. नोझलवर आणि पाइपाच्या आतल्या भिंतीवर पांढरा, टणक थर जमला होता. आमच्या फेऱ्या छोट्या, माल उतरवताना इंजिन चालूच. अशा वेळी धूर २०० अंशांच्या खाली राहतो आणि युरियाचे पूर्ण विघटन न होता त्याचे खडे बनतात.

नोझल कोमट पाण्याने स्वच्छ केले आणि पाइपातला थर जाळण्यासाठी वर्कशॉपमध्ये सक्तीचे रीजनरेशन (धूर मुद्दाम खूप तापवणे) केले. त्यानंतर भरलेला ट्रक अमरावती रस्त्यावर लांबवर चालवला, तेव्हा मागच्या सेन्सरचा आकडा उतरला आणि दिवाही विझला. आता दर आठवड्याला त्याला अशी एक लांब फेरी मिळते, माल उतरवताना इंजिन बंद असते, आणि द्रावणाचे सीलबंद डबे तारीख पाहून घेऊन सावलीतच ठेवले जातात.