डोंगर तेवढाच राहिला

पाथर्डी फाट्याच्या आमच्या घराच्या गच्चीवरून पांडवलेण्यांचा डोंगर अगदी समोर दिसतो. गेली बावीस वर्षे सकाळचा चहा मी त्याच्याकडे पाहत घेतो आणि या बावीस वर्षांत तो मला एकसारखा क्वचितच दिसला. वैशाखात तो करपलेल्या भाकरीच्या रंगाचा होतो, आषाढात कमरेपर्यंत ढगात बुडतो आणि भाद्रपदातल्या उघडिपीत इतका हिरवा होतो की ओळखू येत नाही. पण हे ऋतूंचे झाले, ते कोणालाही दिसते. मला नवल वाटते ते दुसऱ्याच गोष्टीचे. एकाच आठवड्यात, एकाच उन्हात, तो सोमवारी पाठीशी उभ्या असलेल्या थोरल्या भावासारखा वाटतो आणि गुरुवारी दारात ठाण मांडून बसलेल्या सावकारासारखा.

डोंगर म्हणजे मनाचा आरसा, असे आपण ऐकत आलो आहोत. मला ही उपमा पुरती पटत नाही. आरसा गुळगुळीत लागतो. आपला सह्याद्रीचा कातळ काळा, खरबरीत आणि प्रकाश गिळून टाकणारा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचत गेले, त्यांतले कठीण थर कडे होऊन उभे राहिले आणि मऊ थर झिजून त्यांचे उतार झाले, एवढीच त्याची हकिकत आहे, आणि त्या हकिकतीत तुमच्या-माझ्या सुखदुःखाला कोठे जागा नाही. मला आमच्या पंचवटीतल्या जुन्या घराची चौकट अधिक जवळची वाटते. दरवर्षी दिवाळीच्या पाडव्याला आई आम्हा भावंडांना त्या चौकटीला टेकवून उभे करी, डोक्यावर फूटपट्टी आडवी धरी आणि पेन्सिलीने खूण करी. चौकट वाढत नसे, म्हणूनच आम्ही किती वाढलो ते कळत असे.

माझी पहिली खूण त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर आहे. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारची त्या डोंगराभोवतीची फेरी नाशिककरांना सांगायला नको. मी नऊ वर्षांचा असताना दादा, म्हणजे माझे वडील, मला पहिल्यांदा घेऊन गेले. कुशावर्तावर अंघोळ करून आम्ही अंधारातच निघालो. अनवाणी पाय, घोट्यापर्यंत चिखल, वरून संततधार, पुढे-मागे माणसांची न संपणारी रांग, आणि उजवीकडे पाऊस थांबला की दिसणारा व पुन्हा नाहीसा होणारा तो काळा कडा. दादांनी माझा हात घट्ट धरला होता आणि चालता चालता ते मला निवृत्तीनाथांची गोष्ट सांगत होते. याच फेरीत वाघ आडवा आला, सगळ्यांची पांगापांग झाली, लहानगा निवृत्ती आईवडिलांपासून चुकला, एका गुहेत शिरला, आणि तेथे त्याला गहिनीनाथ भेटले. मोठ्यांच्या दृष्टीने ही गुरू भेटल्याची गोष्ट आहे. मला मात्र तिच्यात हरवलेला मुलगा तेवढा ऐकू आला, आणि पहाट होईपर्यंत प्रत्येक झुडपाआड मला वाघ दिसत राहिला. त्या रात्रीचा ब्रह्मगिरी म्हणजे निव्वळ भीती होती.

पुढे अडतिसाव्या वर्षी मी माझ्या मुलीला त्याच फेरीला नेले. ती आठ वर्षांची होती आणि तिला कशाचेच भय वाटत नव्हते; चिखलात पाय आपटत ती पुढे पळत होती. मध्येच ती थांबली आणि म्हणाली, ‘‘बाबा, हात दुखतोय माझा.’’ मी तिचे मनगट किती आवळून धरले होते ते तेव्हा माझ्या लक्षात आले. त्या क्षणी मला दादांचा हात आठवला, पावसातही घामेजलेला, आणि निवृत्तीनाथांची गोष्ट ते मला सांगत होते की स्वतःला, असा प्रश्न एकोणतीस वर्षांनी पडला. चुकलेल्या मुलाचे शेवटी बरेच झाले, हे त्या गर्दीत त्यांना स्वतःलाच पुन्हा पुन्हा ऐकायचे असावे. विचारायला तोवर दादा राहिले नव्हते.

हरिहर किल्ल्यावर माझ्या दोन खुणा आहेत. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो. निरगुडपाड्याहून निघालो आणि कातळात कोरलेल्या त्या सुप्रसिद्ध जिन्यापाशी आल्यावर मित्रांशी पैज लावून, कोठेही न थांबता वर गेलो. हा जिना इतका उभा आहे की खालून पाहिले तर भिंतीला शिडी लावल्यासारखा दिसतो. पायऱ्यांत दोन्ही बाजूंनी हात घालायला खोबणी कोरल्या आहेत आणि त्यांत बोटे अडकवूनच चढावे लागते. त्या दिवशीचे चढणे मला आजही पायरी-पायरीने आठवते. उतरलो कसे, ते मात्र काही केल्या आठवत नाही.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा एकोणपन्नासावे लागले होते आणि तीन महिन्यांपूर्वी माझी नोकरी गेली होती. त्याविषयी येथे अधिक लिहीत नाही. घरात बसवत नव्हते आणि ‘सध्या काय चालू आहे’ या प्रश्नाला उत्तर नव्हते, म्हणून एका आडवारी एकटाच निघालो. चढलो धापा टाकत, पण चढलो. उतरण्याची वेळ आली तेव्हा वरच्या दरवाज्यापाशी मी पाऊण तास बसून राहिलो. तेथून उतरायचे तर दरीकडे पाठ आणि कातळाकडे तोंड करावे लागते. पुढची पायरी दिसत नाही, ती पायाने चाचपून शोधावी लागते, आणि ती सापडून तिच्यावर भार पेलला जाईपर्यंत हातांनी आधीची खोबण सोडायची नसते. आपल्याकडे चढण्याचे फार कौतुक आहे. मुलाने शिखर गाठावे असे आपण म्हणतो, उतरावे कसे ते कोणी शिकवत नाही. नाकासमोर चार बोटांवर असलेल्या त्या दगडाकडे पाहत मी उतरलो, आणि त्या तीन महिन्यांत पहिल्यांदाच काही काळ मला एका पायरीपलीकडची चिंता सुचली नाही. खाली आल्यावर पाय लटपटत होते. हर्षेवाडीच्या बाजूला ढग उतरले होते. नोकरीचा प्रश्न होता तेथेच होता.

आता पुन्हा समोरच्या डोंगराकडे येतो. याचे खरे नाव त्रिरश्मी, लेण्यांतल्या शिलालेखांत ‘तिरण्हु’. येथे एकूण २४ लेणी आहेत आणि त्यांतल्या क्रमांक ३च्या लेण्यात सातवाहनांचा राजा गौतमीपुत्र सातकर्णी याच्या आईचा, गौतमी बलश्रीचा, लेख आहे. नातू पुळुमावी याच्या राज्यकाळाच्या १९व्या वर्षी तिने हे लेणे भिक्षुसंघाला दान दिले. मुलगा तोवर गेला होता, असे बहुतेक अभ्यासक मानतात. चार वर्षांपूर्वी माझी आई गेली, त्यानंतरच्या रिकाम्या दुपारी वाचनालयातून आणलेल्या एका पुस्तकात या लेखाचे भाषांतर मी वाचले, आणि दुसऱ्या दिवशी पायऱ्या चढून त्या भिंतीसमोर जाऊन उभा राहिलो.

आप्त गेला की दुःखाचा डोंगर कोसळला, असे आपण म्हणतो. बलश्रीच्या लेखात शोकाचे वाक्य नाही. ती फक्त मोजते. मुलाच्या राज्यातले देश मोजते आणि मग डोंगर मोजते : विंध्य, पारियात्र, सह्य, मलय, महेंद्र. त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायले, असे सांगते. त्याचे बळ हिमवत, मेरू आणि मंदार या पर्वतांसारखे होते, असे सांगते. प्रजेच्या सुखाने तो सुखी होई आणि दुःखाने दुःखी, हेही सांगते. आणि एवढ्या सगळ्या पराक्रमात, जणू जाता जाता, तो आईची सेवा करणारा होता हे नोंदवून ठेवते. राजवंशाची प्रशस्ती म्हणून ही यादी अभ्यासली जाते, ते योग्यच आहे. पण त्या दिवसांत आमच्या घरीही बहिणी आणि मावश्या बसून आईने काय काय केले तेच मोजत होत्या, कुरडया किती, पाहुण्यांच्या पंगती किती, कोणाची बाळंतपणे किती, आणि मोजणे थांबले की घर एकदम शांत होत असे. मुलाला डोंगराची उपमा देणारी ती आई त्यासाठी खराखुरा डोंगर कोरून घेते, यात मला तिचे ऐश्वर्य कमी आणि तिची निकड जास्त दिसली. त्या लेण्याच्या ओसरीखाली खांद्यांवर तुळया तोललेले यक्ष कोरले आहेत. सहल म्हणून चारदा आलो होतो तेव्हा ते मला शोभेचे वाटले होते. त्या दिवशी मी त्यांचे खांदेच पाहत राहिलो.

ही चौकटही कायमची नाही, हे मला कळते. शहराभोवतीच्या कितीतरी टेकड्या खडीसाठी पोखरल्या गेल्या आहेत. दुपारी सुरुंगाचा आवाज आला की गच्चीवरचे कबुतर उडते आणि पुन्हा येऊन बसते. आमच्या मनात काय आहे ते त्या खाणीही दाखवतातच.

गेल्या रविवारी मुलगी पुण्याहून आली होती. संध्याकाळी आम्ही दोघे लेण्यांवर गेलो. चढताना मी दोनदा थांबलो, ती काही न बोलता थांबली. उतरताना आदल्या सरीने पायऱ्या निसरड्या झाल्या होत्या आणि माझा उजवा गुडघा हल्ली ऐकत नाही. तिसऱ्या-चौथ्या वळणावर तिने माझे मनगट धरले. पकड चांगलीच घट्ट होती. मी हात दुखतोय म्हणालो नाही.