विझलेल्या चुलीचा वास

१४ जुलै

आज पुन्हा तोच वास. जळक्या डांबरासारखा, थोडा आंबूस. सकाळी आंघोळीचं पाणी आणि भाकऱ्या झाल्या की आई चूल विझवते. दुपारी राखेत हात घातला तरी थंडगार, आणि नेमका तेव्हाच वास सुटतो. पेटलेल्या चुलीचा धूर झाला तर समजू शकतो, पण विझलेली चूल का म्हणून वास मारते?

"पावसात असायचंच रे ते," आई म्हणाली. तिच्या दृष्टीने विषय संपला.

१५ जुलै

उघडीप मिळाली म्हणून बांबूला गोणपाट गुंडाळून धुराडं खरवडलं. अर्धी बादली निघालं. नुसती काजळी नाही, काळ्या, चकचकीत, काचेसारख्या खपल्या. मांगरातलं सुकं सरपण जूनमध्येच संपलं आणि मग वळवाच्या वाऱ्यात पडलेली आंब्याची फांदी आम्ही तशीच ओली जाळली, त्याचं हे फळ. ओल्या लाकडात वजनाच्या निम्म्याच्या आसपास पाणीच. आगीची बरीच धग ते आटवण्यात जाते, धूर गार राहतो आणि वर पाइपाला चिकटून त्याचं डांबर होतं. हवा दमट झाली की तेच वास सोडतं. हा थर पेटला असता तर कौलांखालच्या वाशांचं काय झालं असतं, हा विचार रात्री अंथरुणात आला.

(मध्यंतरी काजूबियांची टरफलंही मीच चुलीत कोंबली होती. त्या तेलाच्या धुराने आईचे डोळे दिवसभर चुरचुरत होते. ते इथे फक्त नोंदवून ठेवतो.)

१६ जुलै

वास बारा आणे गेला, चार आणे राहिला. दुपारी आई गॅसवर बांगडे तळत होती, पावसामुळे खिडकी बंद, एक्झॉस्ट पंखा चालू. सहज उदबत्ती पेटवून चुलीच्या तोंडाशी धरली. धूर वर जायचा सोडून सरळ माझ्या तोंडावर! पंखा हवा बाहेर फेकतो, तेवढी कुठून तरी आत यायला हवी, आणि उघडी वाट एकच, धुराडं. खिडकी चार बोटं उघडली. धुराची रेघ डगमगली, क्षणभर थांबली आणि वळून वर गेली.

हा पंखा एप्रिलमध्ये मीच हौसेने बसवून घेतला होता, माशांचा वास जावा म्हणून. आई काही बोलली नाही. पागोळ्यांचं पाणी ओट्यावर उडत होतं, तिथे तिने एक जुनं फडकं पसरलं आणि बांगडा उलटला.